शिवी देण्याचे स्वातंत्र्य कुणाचे?

आपल्या वस्त्यांमधली पोरे संध्याकाळी मैदानावर जितकी दिसतात, त्याहून जास्त आज मोबाइलवर खेळताना दिसतात. चार जणांचा गट करायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या अनोळखी खेळाडूंबरोबर लढाईचा गेम खेळायचा. वडीलधारी मंडळी हा पोरखेळ म्हणून सोडून देतात. पण या खेळात नुसती बंदूक चालत नाही, जीभही चालते. आणि या देशात जीभ चालू लागली की जात फार वेळ लपून राहत नाही. खराब खेळणाऱ्याला जातीच्या नावाने शिवी घालायची, ‘कोट्यातून आलास काय?’ म्हणून हिणवायचे, हा अनुभव आपल्या तरुणांना नवा नाही. कुणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असते, ‘गेम आहे, मनावर घेऊ नकोस.’ दुसरे उत्तर जरा भारदस्त असते, ‘आम्हाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे!’

म्हणूनच हा विषय चळवळीचा आहे. ऑनलाइन खेळातल्या बोलण्यावर कंपनीने देखरेख ठेवावी की नाही, यावर जगभर वाद चालू आहे. या देखरेखीला मॉडरेशन म्हणतात. एक पक्ष म्हणतो, तोंडाला कुलूप लावाल तर स्वातंत्र्य संपेल. दुसरा पक्ष म्हणतो, शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेर काढा, कंपनी सांगेल तो नियम. दोन्ही पक्षांत अर्धे अर्धे सत्य आहे. पण बाबासाहेबांच्या विचाराने चालणाऱ्या माणसाने तिसराच प्रश्न विचारला पाहिजे. नियम कुणी लिहिला? तो कुणाच्या रक्षणासाठी लिहिला? आणि अन्याय झाला तर दाद कुठे मागायची?

पहिले उदाहरण अमेरिकेतले. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या कंपनीने २००९ साली ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ आणला. पाच विरुद्ध पाच असा हा सामना. खेळ गाजला आणि त्यातली शिवीगाळही गाजली. वंशावरून, स्त्रियांवरून, समलिंगी माणसांवरून वाटेल ते बोलले जाऊ लागले. कंपनीने २०११ साली एक वेगळा प्रयोग केला. त्याचे नाव ट्रिब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या, त्याचे सामन्यातले संभाषण इतर खेळाडूंपुढे ठेवायचे आणि त्यांनीच मत देऊन ठरवायचे, हे वागणे शिक्षेला पात्र आहे की नाही. एका अर्थाने ही खेळाडूंची पंचायतच होती. ती २०१४ साली बंद झाली, पण तिच्यातून काही गोष्टी हाती लागल्या.

कंपनीचे संशोधक जेफ्री लिन यांनी २०१५ साली सांगितले की, खेळातल्या विषारी वागण्यापैकी ८७ टक्के वागणे हे सराईत टवाळखोरांचे नसते. ते एरवी नीट वागणाऱ्या सामान्य खेळाडूंचे असते. हे आकडे कंपनीचेच आहेत, तेव्हा ते तेवढ्याच सावधपणे घ्यावेत. पण त्यातला अर्थ आपल्याला परका वाटू नये. अस्पृश्यता काही मूठभर गुंडांनी चालवली नव्हती. ती घरात प्रेमळ, देवळात भाविक आणि बाजारात सचोटीने वागणाऱ्या सभ्य माणसांनी चालवली होती. वाईट माणसे वेचून काढली की समाज शुद्ध होतो हा समज गावातही खोटा आणि खेळातही खोटा. बदलावी लागते ती रीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कारण न सांगता बंदी घातली तर खेळाडू परत येऊन पूर्वीपेक्षा वाईट वागत. पण तू अमुक सामन्यात अमुक बोललास, म्हणून ही शिक्षा, असे पुराव्यासह दाखवले की सुधारणाऱ्यांची संख्या वाढत असे. म्हणजे आरोप सांगणे, पुरावा दाखवणे, कारण देणे हे न्यायाचे साधे नियम खेळातही लागू पडतात.

आता दुसरी बाजू पाहू. २०१९ साली हाँगकाँगमध्ये चीनच्या सत्तेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. ऑक्टोबर महिन्यात ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या ऑनलाइन खेळाची स्पर्धा सुरू होती. ‘ब्लिट्झचुंग’ या टोपणनावाने खेळणारा हाँगकाँगचा एक तरुण सामना जिंकला. सामन्यानंतरच्या मुलाखतीत तो तोंडावर मुखवटा लावून आला आणि त्याने हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. त्याने कुणाला शिवी दिली नाही, कुणाची जात किंवा वंश काढला नाही. तरीही खेळाची मालक असलेल्या ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली, जिंकलेले बक्षीस काढून घेतले आणि मुलाखत घेणाऱ्या दोन समालोचकांशीही संबंध तोडले.

यासाठी जो नियम दाखवला तो पाहण्यासारखा आहे. जनतेच्या एखाद्या गटाला दुखावणारी किंवा कंपनीच्या प्रतिमेला धक्का देणारी कृती करायची नाही, आणि तशी कृती झाली की नाही हे कंपनी एकटी ठरवणार! वाचकहो, हा नियम ओळखीचा वाटतो ना? ‘भावना दुखावल्या’ हे आपल्या देशात रोज ऐकू येणारे हत्यार तेच आहे. ज्यांच्या हातात सत्ता, त्यांच्याच भावना दुखावतात. गटारात उतरून मरणाऱ्या माणसाच्या भावनांसाठी असा नियम कधी धावून आल्याचे दिसत नाही.

जगभरातून टीका झाली. तेव्हा कंपनीने बक्षीस परत दिले आणि बंदी सहा महिन्यांवर आणली. चीनमधल्या आपल्या धंद्याचा या निर्णयाशी संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेतल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी कंपनीला पत्र लिहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी घाई झाल्याबद्दल जाहीर माफीही मागितली, पण सहा महिन्यांची बंदी तशीच राहिली.

एका ठिकाणी देखरेख दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली, दुसऱ्या ठिकाणी तीच देखरेख विद्रोही माणसाच्या मानेवर बसली. आंबेडकरी चळवळीला या दोन्ही बाजू शंभर वर्षांपासून ठाऊक आहेत. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण भाषण वाचल्यावर त्यातला काही भाग गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी शब्द बदलायला नकार दिला. मंडळाने परिषदच रद्द केली. ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले आणि ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ म्हणून ते आज जगभर वाचले जाते. व्यासपीठाचा मालक तोंड कसे दाबतो, हे आपल्याइतके कुणाला माहीत असणार? म्हणून ‘कंपनी करील ते योग्य’ असे आपण म्हणू शकत नाही.

पण याच इतिहासाने आपल्याला दुसरेही शिकवले आहे. घटनेच्या १९व्या कलमाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमात त्याच्या मर्यादाही सांगितल्या. १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध ठरवले. दुसऱ्याला माणूस म्हणून खाली ढकलण्याचा अधिकार बोलण्याच्या स्वातंत्र्यात बसत नाही. ज्याला जातीवरून शिवी दिली जाते तो गप्प होतो, सामना सोडून जातो, पुढच्या वेळी आवाज बंद ठेवून खेळतो. म्हणजे एकाचे तथाकथित स्वातंत्र्य दुसऱ्याचे तोंड बंद करून उभे राहते. स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे या गप्प झालेल्या मुलाचा हिशेब कधी मांडतात काय?

येथे काही विद्वान म्हणतील, गेम ही कंपनीची खासगी मालमत्ता आहे, घटनेचा तिथे काय संबंध? या युक्तिवादालाही आपण एकदा उत्तर दिलेले आहे. महाडचे चवदार तळे आमच्या खासगी मालकीचे आहे, असाच दावा सनातन्यांनी कोर्टात केला होता. १९२७च्या सत्याग्रहानंतर हा लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो दावा टिकला नाही. पुढे घटनेच्या १५व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तळी यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आली. तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, मग मालक कुणीही असो. लाखो मुले जिथे रोज जमतात, त्याला सार्वजनिक करमणुकीचे ठिकाण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? आजच्या कायद्याने ते मान्य केले नसेल तर मान्य करून घेण्याचा लढा आपला आहे.

अट्रॉसिटी कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायदा आहेच. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. इंटरनेटवरचा अपमानही त्यात येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका यूट्यूब मुलाखतीच्या प्रकरणात म्हटले. पण ऑनलाइन खेळात एक वेगळीच अडचण आहे. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घेतलेले असते. आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही, आणि आपल्या मुलाला त्या खेळाचे आकर्षण वाटण्याचे ते एक कारणही असेल. तिथे तो फक्त खेळाडू असतो. शिवी देणाऱ्याला समोरचा कोण हे ठाऊकच नसते. तो जातीचे नाव कुणालाही, अगदी आपल्याच जातवाल्यालाही, शिवी म्हणून फेकतो. मग कोर्टात तो म्हणणार, मी कुठे अनुसूचित जातीच्या माणसाला उद्देशून बोललो? आणि हरकत घ्यायची तर आपल्या मुलाला आधी चार अनोळखी माणसांपुढे स्वतःची जात उघड करावी लागणार. ज्या ओळखीपासून त्याला तासभर मोकळीक मिळाली होती, तीच ओळख न्याय मागण्याची किंमत म्हणून मोजायची!

म्हणूनच कायद्याच्या अलीकडे खेळाच्या स्वतःच्या नियमाची गरज आहे. ऐकणारा कोण आहे हे न विचारता, जातीचा शिवी म्हणून वापर हाच भंग ठरला पाहिजे. हे अशक्य नाही. गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपले द्वेषविरोधी नियम बदलले. ज्या कारणांवरून कुणाचा द्वेष करता येणार नाही, त्यांच्या यादीत तिने वर्णाबरोबर ‘जात’ हा शब्द घातला. उलट ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धखेळाने २०२२ साली जी आचारसंहिता जाहीर केली, तिच्या यादीत वंश, लिंगभाव, वय, संस्कृती, श्रद्धा, देश हे सारे होते. जात मात्र नव्हती. जी गोष्ट लिहिलेली नसते तिची तक्रार कुठल्या रकान्यात टाकायची? ‘इतर’मध्ये?

आमच्या सरकारचेही तेच. २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा मुख्य भर पैसे लावून खेळण्याच्या बंदीवर आहे. मुलांचा पैसा वाचावा हे चांगलेच, पण मुलांच्या स्वाभिमानाची काळजी कोण घेणार?

आणि नुसती शब्दांची यादी करून यंत्राच्या हाती दिली तरी भागणार नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने २०२३ साली खेळाडूंचे बोलणे ऐकणारी संगणकप्रणाली आणली. तिची सुरुवात उत्तर अमेरिकेत, इंग्रजीपासून झाली. आपल्याकडची जातीची शिवी दर पन्नास कोसांवर रूप बदलते. शिवाय यादी आंधळी असते. ‘महार’ हा शब्द कुणी शिवी म्हणून वापरतो आणि कुणी महार रेजिमेंटचा पराक्रम सांगताना अभिमानाने उच्चारतो. यंत्राने दोघांनाही सारखेच गप्प केले, तर अपमान करणाऱ्याबरोबर अभिमान बाळगणाराही शिक्षा भोगेल. हा फरक कळायला देखरेख करणाऱ्यांमध्ये आपली माणसे बसली पाहिजेत. प्रतिनिधित्वाचा प्रश्न इथेही सुटत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. नियमात ‘जात’ हा शब्द लिहा. तक्रार मराठी, हिंदीसह भारतीय भाषांत घ्या. तक्रारदाराची जात विचारू नका. ज्याला शिक्षा करता त्याला कारण आणि पुरावा द्या, अपिलाची सोय ठेवा. आणि सत्तेविरुद्धच्या घोषणेला शिवीच्या रांगेत बसवू नका. यातली शेवटची मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. उद्या ‘जय भीम’ म्हणणाऱ्या एखाद्या मुलालाही ‘भावना दुखावल्या’ म्हणून बाहेर काढले जाऊ शकते, हे विसरू नका.

आपल्या तरुणांनी काय करावे? शिवी ऐकून गेम बंद करू नका. तारीख, वेळ, खेळाडूचे टोपणनाव टिपून ठेवा, रेकॉर्डिंग जपून ठेवा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि शिवी थेट तुम्हाला ओळखून दिली असेल तर पोलीस ठाण्याची पायरी चढा. एकट्याची तक्रार फायलीत पडते, पन्नास जणांच्या तक्रारीची दखल घ्यावी लागते. विद्यार्थी संघटनांनी आणि वस्तीवस्तीतल्या मंडळांनी हे काम हाती घ्यावे. आणि पालकांनो, पोराने अचानक हेडफोन काढून फेकला तर ‘गेमच्या नादी लागला’ म्हणून त्याच्यावर ओरडण्याआधी, त्याने काय ऐकले ते एकदा विचारा.

जय भीम!