डोलकाठी कशावर उभी असते?

शिडाची होडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते वाऱ्यानं फुगलेलं शीड. ते फुगण्याआधी किनाऱ्यावर जो खटाटोप चालतो, तो कुणी चित्रात काढत नाही. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, मला मात्र तो खटाटोपच अधिक आवडतो. निवृत्तीनंतर भाच्याच्या दोन माणसांच्या होडीवर मी ‘दोरी धरणारा’ म्हणून रुजू झालो आणि हे शास्त्र हाताखालून गेलं.

डोलकाठी आडवी असतानाच पहिलं काम करायचं ते मान वर करून बघण्याचं. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत का? हल्लीच्या काठ्या बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या. तारेला टेकली की संपलं. मग काठीच्या वरच्या अंगाला जोडलेले पोलादी तारेचे तीन तणावे सोडवायचे. तंबूला असतात तसेच. एक होडीच्या पुढच्या टोकाला जाणारा, दोन बाजूंचे. बाजूचे आधी काठांना अडकवायचे, काठीचा बुंधा खोबणीत बसवायचा, एकानं ती उभी धरायची आणि दुसऱ्यानं पुढचा तणावा जोडायचा.

प्रत्येक जोडाला एक पिन, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात तारेची बारीकशी रिंग. लाखांचा व्यवहार एका राहून गेलेल्या सहीपायी अडलेला मी पाहिला आहे. ही रिंग म्हणजे तशी सही. ती नसेल तर हलून हलून पिन बाहेर येते आणि अख्खी काठी डोक्यावर कोसळते. आमच्या होडीत माझी दहा वर्षांची नातही बसते. रिंगा मोजण्याचं खातं तिच्याकडे आहे. वरच्या तीन काठी आडवी असताना, खालच्या तीन ती उभी राहिल्यावर. ‘सहा’ असा पुकारा झाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही.

काठी सरळ आहे का, हे नजरेनं ठरवू नये. शीड चढवण्याची दोरी ताणून डाव्या काठाला टेकवावी, दोरीवर खूण करावी. तीच खूण उजव्या काठाला नेमकी त्याच जागी आली, म्हणजे काठी मध्यावर. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्याचा आनंद असतो तो! पुढे-मागे मात्र ती किंचित मागे कललेली बरी. फार मागे गेली तर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. फार पुढे आली तर वाऱ्यापासून दूर पळते.

आणि ताण किती द्यावा? नवशिक्याला वाटतं, जितका जास्त तितकं बरं. पण तणावे जेवढे खेचतात, तेवढी काठी होडीच्या बुडावर दाबली जाते. अति झालं की काठी वाकते, बूड दबतं. सैल सोडले तर ती लाटेगणिक हिसके खाते, आणि तारा थकतात त्या हिसक्यांनीच. चालत्या होडीत वाऱ्याकडची तार ताठ, पलीकडची जराशी ढिली, एवढं चालतं. आपल्या फत्तेमारीवर तर वाऱ्याकडचे दोर ताणत आणि पलीकडचे सोडून देत. ओढ कुणीकडून येते हे ओळखून ताण द्यायचा, ही अक्कल जुनीच आहे.

सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी मोडली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २०१२-१३मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेला हा दर्यावर्दी; पाठीला जबर मार लागून तो नौकेत पडून होता. त्याच वादळात त्याच शर्यतीतल्या ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाचीही डोलकाठी गेली होती. त्यानं हाताशी असलेल्या सामानातून तात्पुरती काठी उभारली, तिला ताण दिले, आणि नौकेचं तोंड वळवलं ते टॉमींच्या दिशेनं. अखेर दोघांनाही एका फ्रेंच जहाजानं वाचवलं.

डोलकाठी आपल्या ताकदीवर उभी असते, असं किनाऱ्यावरून वाटतं. ती उभी असते वेगवेगळ्या दिशांना ओढणाऱ्यांच्या समजुतीवर. मॅकगकिनला भर समुद्रात दुसरी काठी उभारता आली, ती ही समजूत कशी घालायची ते त्याच्या हातांना ठाऊक होतं म्हणून.