बोलणी खाल्ली निवेदकांनी

रेडिओचे दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ ला अलीपूर रोडवरून सुरू झाले. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे, आणि पैसे मोजणारा श्रोता गप्प कसा बसेल? दिल्लीत सर्वांत जास्त चिघळलेली तक्रार होती निवेदकांच्या भाषेची.

बातम्यांची अधिकृत भाषा ‘हिंदुस्थानी’. हिंदीवाल्यांच्या मते ती चक्क फारसीने भरलेली उर्दू होती. त्यातून रेडिओच्या वरच्या पदांवर पत्रस बुखारी आणि धाकटे झुल्फिकार अली बुखारी हे दोघे भाऊ. लोकांनी ‘बीबीसी’चा अर्थच ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ असा लावून टाकला. हिंदी साहित्य संमेलनाने मोहीम उघडली. पत्रस स्वतः उर्दूतले नाणावलेले विनोदी लेखक, पण त्यांनी हा वाद थट्टेवारी नेला नाही. उर्दूतले चिराग हसन ‘हसरत’ आणि हिंदीतले ‘अज्ञेय’ अशा दोन गोटांतल्या दोन लेखकांना त्यांनी बातम्यांसाठी शब्दकोश करायला बसवले. माझ्या मते ही त्या काळातली सर्वांत शहाणी खटपट. तिने कोणाचेच समाधान झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

१९४६ मध्ये हंगामी सरकारात नभोवाणीचे खाते सरदार पटेलांकडे आले आणि फाळणीनंतर वारे पार फिरले. ‘हिंदुस्थानी’ मागे पडली, हिंदी संस्कृतकडे झुकू लागली. १९५२ पासून दहा वर्षे खाते सांभाळले पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण केसकरांनी. शुद्धतेचा आग्रह त्यांच्या स्वभावातच. सिनेसंगीत त्यांनी हटवले, तेव्हा श्रोत्यांनी निमूटपणे काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. बातम्यांच्या बाबतीत मात्र कुरकुर चालूच राहिली. आता तक्रार होती ती संस्कृतप्रचुर शब्दांची. खुद्द नेहरूंनाही ही हिंदी जड जाई आणि ते तसे बोलूनही दाखवत.

केसकरांनंतर आलेल्या बी. गोपाल रेड्डींनी १९६२ मध्ये बातम्यांची हिंदी सोपी करायला घेतली, तर संसदेत आणि बाहेर हिंदीच्या कैवाऱ्यांनी रान उठवले : मागच्या दाराने उर्दू परत आणता काय!

या सगळ्यात निवेदकाच्या हाती होते ते पुढ्यात आलेला कागद नीट वाचणे. शब्द ठरत होते मंत्र्यांच्या आणि संचालकांच्या टेबलावर, आणि उच्चारले जात त्याच्या तोंडून. म्हणून बोलणीही त्यानेच खाल्ली. तक्रारदारांचा पत्ता चुकला होता.