पॅकेज मोठं, पण नोकरी कशी?

लालबाग-परळच्या घरांत नव्या नोकरीची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: “पॅकेज किती?” मुलगी नऊ लाख सांगते, कुणीतरी लगेच बाराने भागतं आणि महिना पंच्याहत्तर हजार म्हणून शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. पहिला गैरसमज इथेच होतो. पॅकेज, म्हणजे सीटीसी, हा कंपनीने तुमच्यावर वर्षभरात करायचा सगळा खर्च. खात्यात पडणारा पगार त्यातला एक भाग.

नऊ लाखांचंच पत्र उलगडून पाहू. बेसिक दरमहा ३७,५०० धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ वर्षाला ५४,००० होतो आणि तो याच नऊ लाखांत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे २१,६०० रुपये, तेही आतच. ‘व्हेरिएबल’ दहा टक्के असेल तर आणखी ९०,००० रुपये तुमच्या आणि कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून. मेडिक्लेमचा हप्ता पंधरा हजार धरा. उरले सुमारे ७,१९,०००, म्हणजे महिन्याला जेमतेम साठ हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात येतात साधारण ५५,२५०.

आता आठ लाखांचं दुसरं पत्र घ्या. बेसिक तसंच निम्मं, मेडिक्लेम तेवढाच, पण व्हेरिएबल अजिबात नाही. त्याच रीतीने हिशेब केला तर हातात सुमारे ५५,६०० येतात. लाखभराने ‘लहान’ ऑफर दर महिन्याला चार पैसे जास्तच देते! पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. काही कंपन्या तो १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० एवढाच कापतात, मग आकडे बदलतात. म्हणून एचआरकडे पॅकेजची फोड लेखी मागावी. ती मागण्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही.

दुसरा गैरसमज मोठ्या माणसांचा, आणि त्यामागे मायाच असते: “परमनंट आहे ना? मग डोळे झाकून घे.” खरं तर या गिरणगावाइतकं याचं उत्तर दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला नको. गिरण्यांत कायम कामगार आणि बदली कामगार असे दोन थर होते. बदलीवाला सकाळी गेटवर उभा राहायचा, कुणी गैरहजर असेल तर त्याला पाळी मिळायची. कायम व्हायला वर्षानुवर्षं जात. पण १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा कायम आणि बदली दोघांच्याही हातचं काम गेलं. ज्या कमला मिल, फिनिक्स मिलच्या आवारात आज काचेची ऑफिसं आहेत, तिथेच हे घडलं. नोकरी टिकते ती धंदा टिकला तर. म्हणून कंपनी नफ्यात आहे का, गेल्या दोन वर्षांत तिथे कपात झाली का, पगार वेळेवर होतात का, हे तिथे काम करणाऱ्याला विचारणं ‘परमनंट’ या शिक्क्यापेक्षा जास्त उपयोगाचं. शिवाय व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला कपातीच्या वेळी कामगार कायद्याची भरपाई मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे करारातली नोटिशीची मुदत. ती एक महिना आहे की तीन, हे पाहायलाच हवं.

सरकारी नोकरीबद्दलही असंच. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना सरसकट जुनी पेन्शन नाही. “सरकारी आहे, म्हातारपणाची चिंता मिटली” हे वाक्य आजोबांच्या नोकरीला लागू होतं, नातीच्या नोकरीला तसंच्या तसं नाही.

“पाच वर्षं होईपर्यंत हलू नकोस, ग्रॅच्युइटी बुडेल.” ही भीती निराधार नाही, पण तिचा आकडा कुणी काढत नाही. दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिन्याचे दिवस २६ धरून. ३७,५०० वेतनावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १,०८,००० होते. पाचवं वर्ष भरायला चार महिने उरले असतील तर थांबावं. दोन वर्षं उरली असतील आणि नवी नोकरी खरोखर चांगली असेल तर केवळ यासाठी अडून राहू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. तेव्हा ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नये.

नोकरी बदलताना पीएफ मोडून टीव्ही किंवा बाइक घेणाऱ्यांना मात्र मी हात जोडून थांबवीन. पाच वर्षांची सलग सेवा नसताना काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. शिवाय पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम काढून घेतली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पीएफचा कायम क्रमांक, म्हणजे यूएएन, एकच ठेवून खातं नव्या नोकरीत हलवता येतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते आजारपणाबद्दल. ज्याचा पगार वीस हजार आहे त्याला बावीस हजारांची ऑफर आली तर घरात कुणीच “नको” म्हणणार नाही. पण ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वेतनमर्यादा २१,००० आहे. नव्या ठिकाणी त्या मर्यादेच्या वर रुजू झालात, तर परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयासारख्या ईएसआयच्या दवाखान्यांत कुटुंबाला आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना मिळणारा उपचाराचा हक्क पुढे चालू राहत नाही. त्या जागी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम येतो, आणि त्यात आईवडील पुष्कळदा नसतात किंवा त्यांचा हप्ता वेगळा भरावा लागतो. घरात मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर महिन्याच्या दोन हजारांची वाढ एका अॅडमिशनमध्ये वाहून जाते. तरी वाढ नाकारा असं मी म्हणणार नाही. पण पॉलिसीत कोण कोण आहे, किती रकमेची आहे, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे सही करण्याआधी विचारा. माझ्या मते ज्या घरात वयस्क माणसं आहेत तिथे पगाराच्या आकड्यानंतर लगेच याचा क्रमांक लागतो.

“मुंबईत अंतर काय, लोकल आहेच.” रोज जाऊन-येऊन दोन तास जास्त लागले, तर वर्षाच्या २४० कामाच्या दिवसांत ४८० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर साठ कामाचे दिवस, बिनपगारी. दुसरीकडे मनातले जुने नकाशेही बदलायला हवेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीनची मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि गिरगावातून बीकेसीला आता थेट जाता येतं. पूर्वी लांब म्हणून सोडून दिलेल्या ऑफिसचा पुन्हा विचार करण्यासारखा आहे.

बाँडला “नुसता कागद” म्हणू नका. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नका ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर रक्कम भरा, ही अट वेगळी आहे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली.

आणि राजीनामा? फोनवर “सिलेक्ट झालात” ऐकून तो टाइप करायला बसू नये. नव्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पदनाम, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि नोटिशीची मुदत लिहिलेलं पत्र हातात येऊ द्या. नोटीस-पे नवी कंपनी भरणार असं तोंडी सांगितलं असेल, तर तेही ईमेलवर लिहून घ्या. मगच जुन्या साहेबांच्या केबिनचं दार वाजवा.