मंत्र्यांची काटकसर : नावे आणि जमा

पेढीला वाईट वर्ष आले म्हणजे जुन्या वळणाचा धनी प्रथम स्वतःच्या घरखर्चाचे खाते उघडून बसतो. हमाली, तोलाई व गुमास्त्याचा पगार यांना तो सर्वांत शेवटी हात लावतो. यात औदार्य किती आणि व्यवहार किती हे सांगणे कठीण आहे. धन्याची उचल पूर्ववत् चालू राहून हमालाची मजुरी तेवढी कमी झाली, तर दुसऱ्या दिवशी गाडीवरचे पोते उतरत नाही, हे पेठेत वाढलेल्या पोरासही ठाऊक असते. राज्यकारभारासही हाच नियम लावावा काय, आणि लावल्यास त्यातून हाती काय लागते, याचा थोडा हिशेब आम्ही येथे मांडीत आहोत. अर्थशास्त्रावर आमचा अधिकार नाही. बेरीज-वजाबाकी मात्र आम्हांस येते.

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. २ मार्च १९३० रोजी महात्माजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस जे प्रसिद्ध पत्र धाडले, त्यात खुद्द व्हाइसरॉयच्या पगाराचीच खतावणी मांडलेली होती. महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसास ७०० रुपये. आणि हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसास दोन आण्यांहूनही कमी. एकास पाच हजारांहून अधिक असे हे प्रमाण पडते. इंग्लंडच्या मुख्य प्रधानाचे वेतन तेथील सरासरी उत्पन्नाच्या नव्वदपट होते, हेही त्यांनी त्याच पत्रात दाखवून दिले. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने सरकारी नोकराचे वेतन सामान्यतः महिना ५०० रुपयांहून अधिक नसावे असा ठराव केला. तो ठराव कागदावर राहिला नाही. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच वेतन घेतले. घरभाडे व मोटार यांचा भत्ता तेवढा वेगळा होता. बेळगाव जिल्हा त्या काळी मुंबई प्रांतात होता, त्यामुळे बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ हे आमच्या वडीलधाऱ्यांचेही मंत्रिमंडळ होय. त्या पाचशे रुपयांची गोष्ट आम्ही लहानपणी घरातल्या ओसरीवर पुष्कळदा ऐकली आहे. सांगणारे व्यापारी होते, आणि व्यापारी माणूस दुसऱ्याच्या त्यागाची रक्कम सहसा विसरत नाही.

स्वातंत्र्यानंतर या विषयाची खरी ठिणगी पडली ती १९६३ साली. डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सवाल केला की, देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसास तीन आण्यांवर गुजराण करीत असता पंतप्रधानांवर दररोज २५,००० रुपये कसे खर्च होतात? सरकारपक्षाचे उत्तर आले की, तीन नव्हे, पंधरा आणे. पुढे सारा वाद तीन आणे की पंधरा आणे यावरच रंगला. गरिबीचे मोजमाप कसे करावे यावर देशाला त्यातून एक चांगली चर्चा लाभली हे खरे. पण २५,००० रुपयांचे कलम बाजूस पडले ते पडलेच. अशा वादात असे नेहमी होते. गिऱ्हाइकाने भावाची तक्रार करावी आणि दुकानदाराने मापाचा विषय काढावा, तसलाच हा प्रकार.

१९६५ साली धान्याची टंचाई आणि युद्ध ही दोन्ही संकटे एकदम आली असता लालबहादुर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी रात्री हॉटेले बंद राहू लागली, घरोघरी चुली पेटल्या नाहीत. त्या एका जेवणाने किती धान्य वाचले याचा हिशेब कोणी मागितला नाही. याचे कारण उघड आहे. पंतप्रधान असताना या गृहस्थाने फियाट मोटार घेतली तीही पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढून. आणि जानेवारी १९६६ मध्ये ते निवर्तले तेव्हा फेडावयाचे राहिलेले ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवी यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

त्यानंतरही काटकसरीच्या लाटा येऊन गेल्या. २००९ साली अवर्षण व मंदी एकत्र आली तेव्हा मंत्र्यांनी विमानाच्या साध्या वर्गातून प्रवास करावा असे ठरले, आणि परराष्ट्र खात्याच्या दोघा मंत्र्यांना पंचतारांकित हॉटेलांतील बिऱ्हाडे सोडावी लागली. वर्तमानपत्रांना चार आठवडे मजकूर मिळाला. १ मे २०१७ पासून मोटारीवरील लाल दिवा गेला. मोटारी मात्र होत्या तितक्याच राहिल्या.

आता अलीकडचा आणि सर्वांत मोठा प्रसंग पाहू. २०२० च्या एप्रिलमध्ये महामारीने देश ठप्प झाला होता. आमच्या यार्डात माल होता, गिऱ्हाईक होते, पण पोते उचलण्यास हमाल मिळत नव्हता. त्या दिवसांत केंद्र सरकारने वटहुकूम काढून खासदारांचे वेतन एका वर्षासाठी शेकडा तीस कमी केले. महिना एक लाखाचे सत्तर हजार झाले. मतदारसंघभत्त्यात २१,००० व कार्यालयीन भत्त्यात ६,००० रुपयांची कपात झाली. मंत्र्यांचा आतिथ्यभत्ताही तीस टक्क्यांनी उतरला : पंतप्रधानांचा ३,००० वरून २,१०० वर, कॅबिनेट मंत्र्यांचा २,००० वरून १,४०० वर. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व राज्यपाल यांनी आपण होऊन तितकीच कपात स्वीकारली. कर्नाटक व महाराष्ट्र सरकारांनीही तोच कित्ता गिरवला.

पेन्सिल घेऊन बसलो असता आम्हांस असे आढळले. दर खासदारामागे महिना ५७,००० रुपये वाचले. दोन्ही सभागृहांच्या ७८८ जागा भरलेल्या धरल्या, तर वर्षाची बचत सुमारे ५४ कोटी रुपये होते. पुढच्याच महिन्यात सरकारने जाहीर केलेले साहाय्य वीस लाख कोटींचे होते. म्हणजे लाखास पावणेतीन रुपये! आमच्या धंद्यात धान्य चाळताना याहून अधिक तूट येते. कॅबिनेट मंत्र्याने आतिथ्यभत्त्यात जे ६०० रुपये सोडले, त्यांत त्या हंगामाच्या १,९२५ रुपये क्विंटल या आधारभूत किमतीने गव्हाचे जेमतेम ३१ किलो आले असते. याउलट खासदारांचा स्थानिक विकासनिधी दोन वर्षे थांबविण्याचा जो निर्णय त्याच वेळी झाला, त्याची रक्कम ७,९०० कोटींच्या घरात जात होती. हा पैसा खासदारांच्या खिशातला नव्हता; गावातल्या शाळेच्या खोलीचा, पाण्याच्या टाकीचा होता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अंशतः पुन्हा सुरू झाला. कपातीच्या जाहिरातीत मात्र ही दोन्ही कलमे शेजारी शेजारी झळकली, आणि वाचणाऱ्यास वाटावे की सारा भार पुढाऱ्यांनीच उचलला.

तरीही त्या ५४ कोटींना आम्ही हसणार नाही. वटहुकूम निघाला त्या आठवड्यात आम्हां व्यापाऱ्यांना भाव न वाढविण्याविषयी अधिकाऱ्यांनी बजावले, आणि पेठेने बहुतांशी ते मानले. सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार कापलेला असला की त्याचे सांगणे कानांत शिरते.

आमचा आक्षेप निराळा आहे. कपात वर्षाची आणि वाढ कायमची, असा हा व्यवहार होतो. आमच्याच राज्यात २०२२ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांचे मूळ वेतन ५०,००० वरून ७५,००० झाले, आणि मार्च २०२५ मध्ये ते दीड लाखावर नेण्यात आले. मंत्र्यांचे ६०,००० वरून सव्वा लाखावर. दोन्ही वेळा विधेयके सभागृहातील गदारोळात, चर्चेवाचून संमत झाली. सरकार दोन वेळा दोन निरनिराळ्या पक्षांचे होते, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

आणि तरीसुद्धा, वेतन वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. गुमास्त्याला पोटापुरता पगार न देणारा शेठजी गल्ल्यातल्या तुटीला स्वतःच जबाबदार असतो. केवळ श्रीमंतांनाच परवडेल असे मंत्रिपद कोणाच्याही हिताचे नाही. पण वेतन हे मंत्र्यावरील खर्चाचे सर्वांत लहान कलम आहे. बंगला, त्याची दुरुस्ती, मोटारींचा ताफा, बंदोबस्त, सोबतचा कर्मचारीवर्ग, दौरे ही कलमे निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली असतात, आणि एका पानावर त्यांची बेरीज कोणी मांडीत नाही. ज्या पेढीत धन्याचा खर्च दहा खात्यांत वाटलेला असतो, तिचा ताळेबंद कोणताही शहाणा सावकार मानत नाही.

शिवाय एक कलम असे आहे की जे सरकारच्या कोणत्याच वहीत येत नाही. काही वर्षांपूर्वी एका मंत्रिमहोदयांनी आमच्या यार्डास भेट दिली. मोटारी सतरा होत्या. मांडव, हार-तुरे, शाली व दीडशे माणसांचे भोजन यांचा खर्च पेठेने वर्गणी करून केला, कारण तशी सूचना आडून आडून आली होती. सौदे अडीच तास थांबले. शेतकरी गाड्यांपाशी उन्हात उभे होते. महोदय वीस मिनिटे थांबले, त्यांतील बारा काटकसरीवर बोलण्यात गेली. त्या दिवशी हमालांचा बुडालेला रोज कोणाच्या नावे टाकावा, हे आमच्या दिवाणजींना अखेरपर्यंत उमगले नाही.

कायद्याने एक बरी गोष्ट केली आहे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या शेकडा पंधराच्या आत आणली. त्यामुळे कर्नाटकात चौतीस, महाराष्ट्रात त्रेचाळीस आणि लहानशा गोव्यात बारा ही मर्यादा पडली. परंतु मंत्रिपद न मिळालेल्यांना महामंडळांची अध्यक्षपदे व कॅबिनेट दर्जा देऊन मोटार-बंगला पुरविण्याची वाट मोकळीच राहिली. दार लावले, खिडकी उघडी ठेवली. येथील सुवर्णसौध २०१२ पासून उभा आहे. अधिवेशन वर्षातून साधारण दहा दिवसांचे. त्या दहा दिवसांत लॉजवाल्यांचा आणि थोडा आमचाही धंदा होतो, हे आम्ही लपवीत नाही. पण उरलेल्या दिवसांची झाडलोट, वीज आणि पहारा यांचा आकडा करदात्यास दिसला पाहिजे.

म्हणून आमच्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन ठराव ठेवू इच्छितो. पहिला असा की, कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याच्या भेटीसाठी संघाच्या निधीतून वा वर्गणीतून भोजन, मांडव व शाली यांवर खर्च करू नये. चहा द्यावा, आणि सौदे चालू ठेवावेत. दुसरा असा की, प्रत्येक मंत्र्यावर वर्षभरात झालेला सर्व खर्च, वेतनापासून मोटारीच्या इंधनापर्यंत, एका पानावर प्रसिद्ध करावा अशी विनंती बेंगळूर, मुंबई व पणजी येथील सरकारांना संघाने लेखी करावी. मसुदा तयार आहे. ज्या सभासदांना त्यावर सही करावयाची असेल त्यांना तो सकाळी दहानंतर आमच्या पेढीवर पाहावयास मिळेल.