बालसंधिवात आणि हिपॅटायटिस बीची लस

‘संधिवात म्हाताऱ्यांना होतो, लेकराला कुठून येणार?’ हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात आजही ऐकू येतो, आणि गैरसमज इथूनच सुरू होतात. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवडे टिकलेली सांध्याची सूज, जिचे दुसरे कारण सापडत नाही, तिला बालसंधिवात म्हणतात. असे मूल सकाळी लंगडत उठते, त्याला मांडी घालून बसता येत नाही. दुपारपर्यंत सांधे मोकळे होतात आणि ते खेळायला पळते. मग शाळा बुडवायचे सोंग म्हणून बोलणी खाते. ते सोंग नसते.

‘आधीच सांधे सुजलेत, त्यात लशीची सुई टोचली तर आजार उसळेल,’ ही दुसरी भीती. हिपॅटायटिस बी, म्हणजेच बी प्रकारच्या काविळीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या बाह्य आवरणातले एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून वापरलेले असते, त्यामुळे लशीतून कावीळ होऊच शकत नाही. तुर्कस्तानात केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार आटोक्यात असलेल्या मुलांना ही लस दिली, तेव्हा बहुतेकांत संरक्षण तयार झाले आणि लशीमुळे संधिवात बळावला नाही. सावध राहायचे ते गोवर-रुबेलासारख्या जिवंत लशींबाबत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना त्या लशी डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

‘कावीळ पाण्यातून होते, पाणी उकळले की झाले.’ हे ए आणि ई प्रकाराला लागू. बी प्रकार रक्तातून, दूषित सुईतून, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. जन्मवेळी लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत तो यकृतात कायमचा मुक्काम करतो.

बालसंधिवातात या लशीला जास्त महत्त्व आहे. मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध (आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज घेण्याची चूक जिवावर बेतू शकते) यकृतावर ताण आणू शकते. त्याहून प्रभावी जैविक औषधे सुरू केली, तर शरीरात दबून राहिलेला बी विषाणू डोके वर काढू शकतो. म्हणून अशी औषधे देण्यापूर्वी रक्तात हा विषाणू आहे का, हे तपासतात आणि लस अपुरी असेल तर शक्यतो आधीच पूर्ण करतात. औषध चालू झाले असले तरी लस देता येते. मात्र लशीसाठी औषध स्वतःहून बंद करू नये. औषधांमुळे संरक्षण कमी तयार होण्याची शक्यता असते, म्हणून शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. गरज पडल्यास डॉक्टर वाढीव डोस देतात.

‘लहानपणी सगळे डोस झालेत,’ असे घरचे खात्रीने सांगतात. पण लसीकरणाचे कार्ड उघडून पाहा. जन्मानंतर 24 तासांच्या आतला डोस, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, ज्यात हीच लस असते. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बाळ कारखान्याच्या फडावर असते आणि नेमके हेच डोस हुकतात. हुकलेला डोस म्हणजे सगळे पहिल्यापासून नव्हे, राहिलेलेच पूर्ण करायचे.

सांधे दाखवायला सोलापूर, लातूर किंवा पुण्याला निघाल तेव्हा हे कार्ड सोबत घ्या. कार्ड हरवले असेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंद विचारा, आणि डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी बी काविळीची लस झाली आहे का, हा विषय तुम्हीच त्यांच्यासमोर काढा.