काळ्या पाषाणाचे जाणकार

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते आणि पुढे बालाघाटाची चढण सुरू होते. या मुलखात नांगराला लागतो तो दगड आणि देवळाच्या शिखराखाली असतो तो दगड एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर संशोधकांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे 338 मीटरवर हा पाषाण संपला आणि आणखी खाली ग्रॅनाइटी खडक लागला. इथल्या पाथरवटांच्या आणि वडारांच्या वाट्याला आला तो वरचा काळा थर. त्यांची सगळी विद्या त्याच्याशी झुंजत घडली.

हा दगड कठीण, पण त्याला जन्मापासूनच भेगा असतात. लाव्हा निवताना आकसतो आणि त्यात उभे-आडवे सांधे पडतात. जाणता माणूस सुतकीचा ठोका देऊन आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर दगड एकसंध. बद्द वाजला तर आत चीर आहे. मग सांध्याच्या बाजूने पहार घालायची किंवा ओळीने खाचा पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या. एकाच पाचरीवर जोर लावला तर दगड भलतीकडे फुटतो, म्हणून घणाचा ठोका या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पाचरींवर सारखा फिरवावा लागतो. पुढचे काम टाकीचे. जात्याची तळी आणि पाटा गुळगुळीत झाला की दळण-वाटण होत नाही. म्हणून पाथरवट गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून देत. पिठाच्या गिरणीने आणि मिक्सरने हे काम बहुतेक संपवले. खडीच्या क्रशरने उरलेले.

या विद्येची थोरवी पाहायची तर नळदुर्गला जावे. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास, किल्ल्यातच दगडी धरण उभे राहिले. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वरून कोसळतात आणि धरणाच्या पोटातल्या पाणीमहालात माणूस कोरडा उभा राहतो. भूम तालुक्यातले माणकेश्वरचे शिवमंदिर तर त्याहून कित्येक शतके जुने.

आणि याच दगडाची घरे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूर-किल्लारी भागात काही क्षणांत कोसळली. हजारो माणसे गाडली गेली. दोष दगडाचा नव्हता. दोन-तीन फूट रुंद भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर अनघड दगडांचे, मध्ये माती आणि कपचे, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, प्रचंड भार. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हता. हादरा बसताच थर एकमेकांपासून फुटून सुटले. नंतर उरलेल्या घरांच्या बळकटीसाठी अभियंत्यांनी भिंतीला भोके पाडून आरपार काँक्रीटचे दुवे घालायला सांगितले. लांब दगड घडवायला वेळ लागतो, कौशल्य लागते, मजुरी लागते. गरिबाच्या घरात नेमकी त्याचीच काटकसर झाली होती.

म्हणून पाथरवटाचे हुन्नर जपणे म्हणजे केवळ जुन्या मूर्तींचे कौतुक नव्हे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दगडी भिंतींची घरे आजही नांदती आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी दगडाचा आवाज ओळखणारे आणि सांधा बसवणारे हात हवेत. असे जाणते जिथे आहेत, तिथे त्यांना गवंडीकामाच्या प्रशिक्षणात गुरू म्हणून बसवावे आणि त्या शिकवण्याचा चोख मोबदला द्यावा. दगड डोंगरात पुष्कळ आहे. तो घडवणारा हात शिकवल्याशिवाय तयार होत नाही.