जुन्या जीपची उंची वाढविताना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या अंतर्भागात कामानिमित्त ज्यांना वारंवार जावे लागते, त्यांना जीपची महती वेगळी सांगावयास नको. गेल्या काही दशकांत वाड्यावस्त्यांपर्यंत रस्ते पोहोचले हे खरे. तथापि डोंगरउतारावरील बागेकडे जाणारी वाट, जंगलातील कच्ची सडक किंवा पहिल्याच पावसात धुपून गेलेला चढ अशा ठिकाणी चारही चाकांना शक्ती देणारी जुनी गाडी आजही कामास येते. विलीज घराण्यातील सीजे-३बी, महिंद्र एमएम ५४० आणि १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी या गाड्या म्हणूनच अनेक शेतकरी व बागायतदार यांनी जपून ठेवल्या आहेत. शासकीय मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. त्यामुळे प्रस्तुत विवेचन खाजगी मालकीच्या गाड्यांपुरतेच आहे.

अशा गाड्यांना तयार संच, म्हणजेच 'लिफ्ट किट', बसवून त्यांची उंची वाढविण्याकडे अलीकडे बराच कल दिसतो. त्यात अधिक कमान असलेले पाटे, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, यू बोल्ट, बुश इत्यादी वस्तू असतात. हा संच निवडताना 'किती इंच?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वास्तविक तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे.

उंची कोठे वाढते?

याबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. पाटे उंच केले म्हणजे गाडीच्या खालील सर्वच भाग जमिनीपासून वर उचलले जातात, असे मानण्यात येते. परंतु सीजे-३बी किंवा जिप्सी यांसारख्या गाड्यांत पुढचा व मागचा आस अखंड असतो आणि त्याची दोन्ही टोके चाकांना जोडलेली असतात. पाटा कितीही उंच केला तरी वर जाते ती चासी आणि तिच्यावरील बॉडी. आस आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, जो दगडाला सर्वप्रथम आपटतो, तो होता तेथेच राहतो. त्याची उंची वाढते ती केवळ मोठ्या टायरमुळे, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मीच. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंची टायर बसविला तर गोळा दीड इंच वर येतो. त्याचबरोबर चाकाच्या एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढते. वेगदर्शक काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता प्रत्यक्ष वेग ६६ च्या आसपास असतो, इंजिनला चढ अधिक जड जातो आणि ब्रेकवरील भारही वाढतो.

मग पाटे उंच करण्याचा उपयोग काय? चासीचा मधला भाग उंचवट्यावर टेकत नाही, चढाच्या पायथ्याशी पुढचा बंपर अडकत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. उपयोग एवढाच आहे. तो आपल्या वाटेवर खरोखर लागतो काय, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

प्रथम मोजमाप

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. वीस-तीस वर्षे भार वाहून पाटे बसतात, त्यांची कमान सपाट होते. क्वचित ती उलटी वळलेलीही आढळते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करावी, टाकी भरलेली असावी आणि नेहमीचा भार ठेवावा. नंतर चारही कोपऱ्यांवर आसाच्या नळीपासून चासीपर्यंतचे अंतर मोजून वहीत टिपून घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर तोही येथे उघड होतो. हे आकडे मूळ मापाशी, किंवा त्याच जातीच्या सुस्थितीतील गाडीशी ताडून पाहावेत. गाडी दीड इंच बसलेली असेल, तर कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश व नवे शॅकल बसविल्यानेच तेवढी उंची परत मिळते. त्यात कायद्याची अडचण नाही, इतर भागांत फेरबदल नाही आणि खर्चही मर्यादित राहतो. अनेक मालकांचे काम येथेच भागेल असे आमचे मत आहे.

जुनेच पाटे ठोकून पुन्हा कमान देण्याची पद्धत आपल्याकडे गावोगावी आहे. ती स्वस्त खरी; पण पाटा भट्टीत तापवून वाकविला आणि नंतर योग्य रीतीने पाणी देऊन पुन्हा माफक उष्णतेवर आणला नाही, तर पोलादाचा ताठा जातो. असा पाटा काही महिन्यांत परत बसतो किंवा तुटतो. घाटात मुख्य पाटा तुटणे म्हणजे आस जागचा सरकणे होय.

संचांचे प्रकार

उंची वाढविण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्या सारख्या मोलाच्या नाहीत. सर्वांत स्वस्त पद्धत लांब शॅकलची. येथे शॅकल दोन इंच लांब केले तरी गाडी सुमारे एकच इंच वर येते, कारण पाट्याचे दुसरे टोक स्थिर असते. शिवाय आस किंचित फिरतो; पुढील आसाच्या बाबतीत त्यामुळे स्टिअरिंग सरळ राहण्याची प्रवृत्ती बिघडते. उंच शॅकलवर गाडी आडवी डोलते ती वेगळीच.

दुसरी पद्धत पाटा व आस यांमध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची. ज्या गाडीत पाटा आसाच्या वर असतो, तेथे ती मागील बाजूस चालू शकते. पुढील बाजूस मात्र ठोकळा कधीही घालू नये, कारण ब्रेक लावताना व वळताना तेथे फार जोर येतो. सीजे-३बी व जिप्सी यांत पाटा आसाच्या खाली असतो. तेथे असा ठोकळा घातल्यास गाडी वर न जाता उलट खाली येईल. दुसऱ्याच जातीच्या गाडीचा संच स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. याच गाड्यांचे पाटे आसाखालून काढून आसावर बसविण्याचाही प्रकार आहे. त्यात उंची एकदम चार-पाच इंचांनी वाढते. परंतु स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या, प्रोपेलर शाफ्ट ही सर्व मांडणी नव्याने करावी लागते. रोजच्या वापराच्या गाडीसाठी तो मार्ग नव्हे.

राहता राहिले अधिक कमानीचे नवे पाटे, आणि तेच सर्वांत सयुक्तिक. येथे खरी पारख कडकपणाची आहे. एकाच जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो; परंतु पाट्यांची जाडी ६ मिलिमीटरवरून ७ मिलिमीटर केली तर तो जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एका मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. विंच व जड लोखंडी बंपर यांचा भार धरून केलेला संच रिकाम्या गाडीला बसविला, तर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत राहते, पकड सुटते आणि माणसांची हाडे खिळखिळी होतात. म्हणून विक्रेत्याला इंच विचारण्यापूर्वी पाट्यांची संख्या, जाडी आणि संच किती भारासाठी केला आहे, हे विचारावे. उत्तर देता न आल्यास दुसरे दुकान पाहावे हे बरे.

उंचीबरोबर येणाऱ्या गोष्टी

आखूड गाडीत प्रोपेलर शाफ्टही आखूड असतो. २० इंची शाफ्टचे एक टोक चार इंच वर गेले तर त्याचा तिरपेपणा सुमारे ११ अंशांनी वाढतो. ४० इंची शाफ्टच्या बाबतीत ही वाढ सहा अंशांच्या आतच राहते. तिरपेपणा वाढला की गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर झिजतात. स्टिअरिंगची ड्रॅग लिंकही तिरपी होते, आणि पाटा दबताच चाक आपोआप किंचित वळू लागते. ब्रेकच्या रबरी नळ्या तर अवश्य पाहाव्यात. गाडी चासीला आधार देऊन उचलावी, चाके पूर्ण खाली लोंबू द्यावीत, आणि त्या स्थितीतही नळी ताणली जात नाही याची खात्री करावी.

कलण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. सीजे-३बीच्या दोन चाकांतील अंतर सुमारे ४८ इंच. गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ इंचांवर आहे असे हिशेबासाठी धरल्यास गाडी उलटण्याचा कोन गणिताने सुमारे ४४ अंश येतो. गुरुत्वमध्य साडेतीन इंच वर गेला की तो ४० अंशांवर उतरतो. पाट्यांचे दबणे, टपावरील ओझे आणि वळणावरील वेग यांमुळे प्रत्यक्षात तो याहून बराच कमी असतो. आडव्या उतारावर माणसे भरून जाणाऱ्या गाडीला हे चार अंश फार महाग पडू शकतात. उंच गाडीमुळे चालकाला येणारा फाजील आत्मविश्वास हाही एक धोकाच आहे. फरशी पुलावरून वाहणारे दोन फूट पाणी बहुतेक मोटारगाड्या वाहून नेऊ शकते. तेथे दोन इंचांची लिफ्ट कामाची नाही.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून भिन्न होतील असा फेरबदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संच बाजारात उघडपणे विकला जातो, एवढ्यावरून तो रस्त्यावर चालविण्यास मुभा आहे असा अर्थ काढू नये. खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसही कळवावे. अपघातानंतर हा मुद्दा निघाला तर भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. प्रवासी वाहतुकीच्या गाडीला असा बदल करूच नये.

या सर्वांतून मार्ग काढून उंची वाढवावयाचीच असेल, तर दीड-दोन इंचांपलीकडे जाऊ नये असे आम्ही सुचवू. तेवढ्या मर्यादेत शाफ्ट व स्टिअरिंग यांचे प्रश्न सहसा आटोक्यात राहतात. यू बोल्ट नेहमी नवेच घ्यावेत. एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. शॅकलच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण भाराखाली, शेवटचे आवळावेत. त्यानंतर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा, कारण पुढची बाजू वर गेल्याने तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. पाचशे किलोमीटर झाल्यावर सर्व यू बोल्ट पुन्हा आवळावेत आणि चारही कोपऱ्यांची मापे त्याच वहीत, पहिल्या मापांशेजारी, नोंदवावीत.